अर्ध्या बाटलीवरची रेघ

मॅडम,

कॉलेजच्या शोकसभेत तुम्हाला मृदुभाषी म्हणाले. मी चौथ्या रांगेत होते आणि मला हसू आवरेना. ओढणी तोंडाशी धरली, तर शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय. त्यांनी पाठीवर हात ठेवला. तुमचा आवाज तळमजल्यावरच्या प्राणीगृहातून निघून दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात पोचायचा. "लाइट कुणी चालू ठेवली रं? ह्यांची झोपायची येळ हाय ना." ही झोपायची वेळ उंदरांची, म्हणजे भर दुपारची.

मग तुमचे शोधनिबंध वाचून दाखवले, पुरस्कार सांगितले, "यशस्वी प्रयोगांची परंपरा" असा शब्द आला. शेवटी विभागप्रमुख सर माझ्याकडे वळले. "सायली, दोन शब्द बोलतेस? तू त्यांची विद्यार्थिनी." मी मान हलवली, नाही म्हणून. तुम्ही असतात तर तिथेच म्हणाला असतात, "काय मिठाची गुळणी धरून बसलीस गं?"

ते दोन शब्द इथे लिहितेय. यशस्वी प्रयोगांबद्दल सगळे बोलले. जो फसला त्याच्याबद्दल कुणीच बोललं नाही, आणि मला तुमचा सगळ्यात जास्त अभिमान त्याच प्रयोगाबद्दल वाटतो.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी उत्तर पाठ करून आले होते. यकृत निकामी झालं की रक्तात अमोनिया साचून मेंदूवर काय परिणाम होतो, तो अभ्यासायला प्राण्यांची मॉडेल्स कशी वापरतात, सगळं स्वच्छ इंग्रजीत. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "झालं? आता मराठीत सांग. तुझ्या आईला सांगतीस तसं."

मला येईना. आईशी मी मराठीतच बोलते, पण अमोनिया आणि मेंदू या विषयांवर आम्ही कधी बोललो नव्हतो. घरात सगळे बँकेत, एलआयसीत. आजोबा कचेरीत कारकून. मी चाचपडत राहिले आणि तुम्ही टेबलावर पेन ठेवून मलाच समजावलंत. "लिव्हर म्हणजे घराची मोरी. तुंबली की घाण कुठं जाईल? घरभर. अन् वास सगळ्यात आधी देवघरात. मेंदू म्हणजे देवघर. माणूस दिवसा झोपतो, रातभर जागतो. सदऱ्याची बटणं लागत नायत. बायकोला ओळखतो, पण हाक मारतो बहिणीच्या नावानं. दारू पिऊनच होतं असं नाय. काविळीनं होतं, कशानं बी होतं. आता हे माणसात नीट बघता येत नाय, म्हणून उंदरात बघायचं. त्याचं लिव्हर आजारी करायचं अन् देवघरात काय होतंय ते बघायचं. कळलं?"

कळलं होतं. चार वर्षं इंग्रजीत शिकून जे कळलं नव्हतं ते मोरीच्या वासाने कळलं.

"अन् आणखी एक," तुम्ही म्हणालात. "उंदीर म्हणजे माणूस नाय, हे रोज सकाळी तोंड धुताना एकदा म्हणायचं. आपल्याकडं लई जण विसरत्यात."

तुम्ही उंदरांना नावं ठेवू द्यायचा नाहीत. पण नवीन उंदीर आले की स्वतः जिन्यावरून ओरडायचात, "आले का पाव्हणे?" आणि लगेच पुढचं, "पाव्हण्यांना पाणी दिलं का?" मला ते सुरुवातीला गावठी वाटायचं. मी कुणाजवळ बोलले नाही, पण वाटायचं. ज्यांचं यकृत आपण मुद्दाम बिघडवणार आणि शेवटी ज्यांचा मेंदू काढून तपासणार त्यांना पाहुणे कसं म्हणायचं? एकदा धीर करून विचारलं. तुम्ही म्हणालात, "मग काय कैदी म्हणू? त्यांनी काय गुन्हा केलाय?"

कामाची तुमची एक रीत मी अजून पाळते. नवीन विद्यार्थ्याने चाचण्या सुरू करण्याआधी आठवडाभर नुसतं पिंजऱ्यांसमोर बसायचं. फोन नाही, वही नाही. बाकीच्यांना ती शिक्षा वाटायची. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की गप्प बसून बघणं हेही काम असू शकतं. तुम्ही हे ओळखलं होतंत. रशीदभाईंना, म्हणजे प्राणीगृह सांभाळणाऱ्या आपल्या रशीदभाईंना, तुम्ही म्हणालात, "ही पोरगी बोलत नाय, पण हिच्या नजरेतून काय सुटत नाय." ते त्यांनी मला सांगितलं. तुम्ही मला कधीच सांगितलं नाही.

मग ते दुष्काळाचे उन्हाळे आले. लातूरला रेल्वेने पाणी गेलं तो उन्हाळा तर मी विसरणार नाही. आपल्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही कुणाच्या भागात येणार ते देवाला माहीत. त्याच वर्षी कॉलेजची नवी इमारत उभी राहिली, पुढून सगळी काच. वाळूजच्या रस्त्याला दर महिन्याला एक नवा टॉवर दिसायचा, बाल्कन्यांना रंग, आणि खाली टँकरची रांग. तुम्ही रिक्षातून बघून म्हणायचात, "वरती चढत चाललंय शहर. पाणी मात्र खालीच जायलंय."

उंदरांची स्मरणशक्ती तपासायला जगभर एक हौद वापरतात. गोल हौदात पाणी भरतात, उंदीर त्यात पोहतो आणि पाण्याखाली लपवलेला पाट शोधतो. आपल्याकडे तो हौद होता. तुम्ही तो भरू दिला नाहीत. गुलमंडीमागच्या एका सुताराकडून गोल लाकडी फळी करून घेतलीत, कडेने भोकं, एका भोकाखाली अंधारी पेटी. उंदराने ती पेटी शोधायची. हीही चाचणी मान्यताप्राप्तच आहे, पण निबंध तपासणाऱ्या एका परीक्षकांनी लिहून विचारलं, हौद का वापरला नाही? तुम्ही मला उत्तर लिहायला सांगितलंत. मी एक परिच्छेद लिहिला, संदर्भांसकट. तुम्ही तो खोडून एकच वाक्य ठेवलंत: आमच्या शहरात पाणी नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आपला प्रयोग सुंदर आला. सुंदर हा शब्द तुमचाच. आधीच्या वर्षी यकृत आजारी असलेले उंदीर आणि निरोगी उंदीर यांच्यात फारसा फरक दिसत नव्हता. या वेळी फरक पुस्तकातल्यासारखा. आजारी उंदीर पेटी विसरत होते, फिरत्या दांड्यावरून पडत होते, दिवसा जागून कोपऱ्यात उगाच घुटमळत होते. निरोगी उंदीर ठणठणीत. तुम्ही गुलमंडीतून इमरती आणलीत आणि रशीदभाईंना दोन जास्त दिल्यात. शोधनिबंध पाठवला. परिषदेत भाषण ठरलं. माझ्या प्रबंधाचा गाभा तयार झाला. आईने नातेवाइकांना फोन करून सांगून टाकलं की सायलीचं या वर्षी होतंय, आता स्थळं बघायला हरकत नाही.

मग एका दुपारी मी धुतलेल्या बाटल्या उन्हात वाळत घालत होते. टँकरचं पाणी जड. जिथवर पाणी उभं राहतं तिथे क्षाराची पांढरी रेघ धरते, कितीही घासली तरी पूर्ण जात नाही. एरवी ती रेघ बाटलीच्या गळ्याशी असते. त्या दिवशी उन्हात बघितलं तर प्रत्येक बाटलीवर एक रेघ गळ्याशी होती आणि दुसरी, जास्त जाड, बरोबर मधोमध.

मी रशीदभाईंना विचारलं, "बाटल्या अर्ध्या भरत होता का?"

"टँकर नै आया तो क्या करना, बेटा?" ते म्हणाले. "सबको आधा-आधा दिया. किसी को पूरा और किसी को सूखा, ऐसा नै किया मैं."

ते अभिमानाने सांगत होते, आणि अभिमान योग्यच होता. त्यांच्या गल्लीत असंच चाललं होतं, आमच्या कॉलनीतही. टँकर चुकला की सगळ्यांना अर्धं. त्यात कुणाला सांगण्यासारखं काय आहे? फक्त निरोगी शरीराला अर्धं पाणी दोन दिवस सोसतं, आणि ज्याचं यकृत बिघडलंय त्याला तेवढीच तहान मेंदूपर्यंत नेते. आपण ज्याला यकृताचा परिणाम म्हणत होतो त्यात तहान मिसळली होती. सगळ्यांना सारखंच वाटल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी बाटली घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही भाकरी खात होता. मी ती डब्याशेजारी ठेवली. तुम्ही घास तोंडात ठेवून बघत राहिलात. मग अंगठ्याच्या नखाने मधली रेघ खरवडलीत.

"उन्हाळाभर?"

"हो."

तुम्ही डबा झाकलात आणि रशीदभाईंना बोलावलंत. मी दाराशी सरकले, कारण आता आवाज दुसऱ्या मजल्यावर जाणार होता.

"बसा, रशीदभाई," तुम्ही म्हणालात. "वाटणी तुम्ही चांगली केली. पण मला सांगायचं ना हो."

"इसमें बोलने का क्या था, मॅडमजी? पूरा शहर आधे पे है."

तुम्ही हसलात, अगदी मनापासून. "खरंय. मी घरी अर्ध्या बादलीत अंघोळ करते, अन् हितं मला वाटलं बाटल्या आपोआप गळ्यापर्यंत भरत्यात. मीच विचारायला पायजे होतं." रशीदभाई उठले तेव्हा त्यांच्या हातात तुम्ही उरलेली भाकरी दिलीत. त्यांना चूक कळली होती की नाही, मला अजून माहीत नाही.

ते गेल्यावर आपलं भांडण झालं. तुमच्यासमोर सलग चार वाक्यं बोलण्याची माझी ती पहिली वेळ.

मी म्हणाले, "मॅडम, एक ओळ टाकू. निबंधाच्या मर्यादा सांगतो त्या भागात."

"काय लिहिशील?"

"की पाणीपुरवठा अनियमित होता."

"अनियमित. किती गोड शब्द हाय गं." तुम्ही बाटली माझ्याकडे सरकवलीत. "हे जे झालं ते लिव्हरनं झालं का तहानंनं?"

"दोन्हीने."

"किती कशानं?"

मी मधल्या रेघेवर बोट फिरवलं.

"मग हे मॉडेल नाय, बाई. हा आपला जिल्हा हाय."

मी म्हणाले की सगळेच एखादी ओळ टाकतात. की माझी दोन वर्षं जातील. की तुमचंही भाषण आहे, इतक्या वर्षांनी कुणीतरी बोलावलंय. तुम्ही सगळं ऐकलंत, पहिल्या दिवशी ऐकलं होतंत तसंच. मग म्हणालात, "ओळ लिहून बाटली भरत नाय, सायली." आणि माझ्यादेखत शोधनिबंध मागे घेतल्याचं पत्र टाइप केलंत, एका बोटाने. मी तुमच्यावर फार चिडले होते. घरी गेले तर आई म्हणाली, "तुझ्या मॅडमना काही वाटतं की नाही? त्यांचं झालंय सगळं. तुझं व्हायचंय." मी आईला उलट उत्तर दिलं नाही, कारण मलाही तेच वाटत होतं.

भाषण मात्र तुम्ही रद्द केलं नाहीत. परिषदेला गेलात आणि मला बरोबर नेलंत. माझ्याकडून स्लाइड्सचं इंग्रजी तपासून घेतलंत, सगळ्या दुरुस्त्या मान्य केल्यात, एक सोडून. मी 'डिहायड्रेटेड' लिहिलं होतं. तुम्ही ते काढून परत 'थर्स्टी' केलंत. "डिहायड्रेटेड उंदीर कागदावर असतो. तहानलेला पिंजऱ्यात असतो."

तुम्ही व्यासपीठावर उभ्या राहिलात, हिरव्या काठाची साडी, आणि तुमच्या कन्नड तालुक्याच्या इंग्रजीत सांगितलंत की मी ज्यासाठी आले होते तो निष्कर्ष आता माझ्याकडे नाही. आमचे उंदीर तहानलेले होते आणि ते मला माहीत नव्हतं. मग एकामागून एक स्लाइड: बाटली, तिच्यावरची रेघ, टँकर. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. माझे कान तापले. शाळेत कुणी चुकीच्या उच्चाराने वाचलं की वर्ग असाच हसायचा, आणि मी त्या हसणाऱ्या वर्गात वाढलेली मुलगी.

एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं, निष्कर्षच नाही तर इतक्या लांब येऊन हे सांगायचं कारण काय?

"सर," तुम्ही म्हणालात, "एप्रिलात ज्यांच्या गावात पाणी नसतं असे निम्मे लोक या खोलीत आहेत. त्यांनी आपापल्या बाटल्या बघितल्यात का, हे मला माहीत नाही. म्हणून आले."

नंतर चहाच्या टेबलापाशी दोन प्राध्यापक एकेकटे आले आणि तुम्हाला हळू आवाजात विचारू लागले, रेघ नेमकी कशी दिसते, क्षार कशाने जातो. तुम्ही त्यांना समजावत होता, बशीत चहा ओतून. मी लांब उभी होते. तुम्ही हाक मारलीत, "अहो, ही बघा, हिनं पकडलं." आणि मला पुढे ओढलंत. मी तेव्हा नीट हसलेही नाही. पण त्या क्षणापासून मी तुमच्यावर चिडलेली नव्हते, हे तुम्हाला कधीतरी सांगायला हवं होतं.

परत येऊन तुम्ही प्राणीगृहात एक झाकणाचं पिंप ठेवलंत. त्यातलं पाणी फक्त उंदरांचं. चहाला नाही, हात धुवायला नाही. विभागप्रमुख सर म्हणाले, "मॅडम, स्टाफला चहा नाही आणि उंदरांना पिंप?" तुम्ही म्हणालात, "सर, तुम्ही टपरीवर जाऊ शकता. त्यांना दार नाय." पूर्ण पाण्यावर सगळा प्रयोग पुन्हा केला. फरक आला, पण बारीक. नीट बघितल्याशिवाय दिसणार नाही एवढा. इमरती आणण्यासारखा नव्हता. माझा प्रबंध त्या बारीक फरकावर उभा आहे, आणि तो कुणीही कसाही हलवून बघावा, हलत नाही.

आता आपलं दुसरं भांडण, जे मिटलं नाही.

तुम्ही मला एकदा सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात नेलं होतंत. खाटेवर एक काका, पोट फुगलेलं, डोळे पिवळे. तुम्ही खाटेच्या कडेला बसून म्हणालात, "काका, हात पुढं करा बरं, मोटार थांबवता तसा." काकांनी हात पुढे धरला आणि त्यांचा पंजा आपोआप फडफडला, देवघरात वास पोचल्याची खूण. त्यांच्या बायकोने सांगितलं की डॉक्टरांनी पाणी बेतानं द्यायला सांगितलंय, पण पोटात आधीच एवढं पाणी झालंय म्हणून तिने बंदच केलंय. बाहेर ऊन तापलेलं. त्यात लघवी होण्याच्या गोळ्या. मी तिथे उभ्या उभ्या आपल्या बाटल्या आठवत होते.

परत आल्यावर मी प्रस्ताव लिहिला. आजारी उंदीर, पुरेसं पाणी. आजारी उंदीर, कमी पाणी. निरोगी उंदीर, कमी पाणी. चुकून झालं होतं ते मुद्दाम, मोजून करायचं. तुमच्याच 'किती कशानं?' या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळालं असतं. तुम्ही पहिलं पान वाचलंत आणि परत दिलंत.

"तहान मी देणार नाय."

"मॅडम, आपण त्यांना यकृताचा आजार देतो."

"देतो."

"मग तहानेत वेगळं काय आहे?"

तुम्ही बहात्तरच्या दुष्काळाचं सांगितलंत. तुमच्या गावची म्हैस, पाण्याच्या कोरड्या दगडी डोणीला जीभ लावून चाटत राहायची. जिभेतून रक्त आलं तरी थांबायची नाही. तुम्ही बारा वर्षांच्या होता. "आजार मी शिकून दिला, सायली. कशासाठी देते ते मला सांगता येतं. तहान मी बघितलीय. ती मला कुणाला बी द्यायची नाय. हे शास्त्र नाय, मला माहितीय. तू ह्याला काय बी म्हण."

मी म्हणाले, "मग वॉर्डातल्या माणसांचं काय?"

"तर वॉर्डात जा की. उन्हाळा लोकांना तहान देतोच हाय. तू नुसतं जाऊन विचार, बघ, मोज." आणि मग ते वाक्य: "पण तू जायची नायस. तुला उंदीर बरे वाटतात. त्यांच्याशी बोलावं लागत नाय."

ते लागलं, मॅडम. खरं होतं म्हणून जास्त लागलं. त्यानंतर दीड वर्ष आपण रोज एकत्र काम केलं, एका डब्यात जेवलो, आणि त्या प्रस्तावाबद्दल एक शब्द काढला नाही. तुम्हाला वाटलं असेल मी सोडून दिला. मी सोडला नव्हता. तुम्हाला पटेल असा मुद्दा शोधत होते. यंदा पुन्हा पाऊस गेला, पुन्हा टँकर लागले, आणि मला वाटलं आता मुद्दा सापडेल. तेवढ्यात तुम्ही गेलात.

फोन आला तेव्हा मी बाटल्या भरत होते. उरलेल्या सगळ्या गळ्यापर्यंत भरल्या, मग निघाले. यायला उशीर झाला याचं कारण तुमच्या घरच्यांना सांगता आलं नाही. तुम्हाला सांगावं लागलं नसतं.

तुमच्यानंतर नव्या मार्गदर्शकांनी तो प्रस्ताव बघितला. त्यांना आवडला. प्राण्यांवरच्या प्रयोगांना मान्यता देणाऱ्या समितीची परवानगीही आली. हे नवे सर म्हणाले, "चांगला विषय आहे, लवकर छापून होईल. उंदीर मागव." मी हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले.

का गेले ते नीट सांगता येणार नाही. तुमचं पटलं म्हणून नाही. तुमचं वाक्य खोटं पाडायचं होतं, एवढं खरं.

खाटेवर एक माणूस गाढ झोपलेला, भर दुपारी. बायको शेजारी स्टुलावर, बजाजनगरची. नवरा वाळूजला कंपनीत, काविळीनंतर यकृत गेलेलं. मी बराच वेळ उभी राहिले. शेवटी तिनेच विचारलं, "कोण पायजे?"

"यांना पाणी किती देता?"

"तुमी नर्स का?"

"नाही. मी... उंदरांवर काम करते."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग हितं काय करायल्या?"

"पाण्याचं विचारायला आले."

ती हसली. पलीकडच्या खाटेवरची बाईही हसली. मग ती म्हणाली, "देते की. दोन घोट सकाळी, दोन घोट सांजच्याला. पोट बघा ना कसं फुगलंय. भ्या वाटतं."

"डॉक्टरांनी एवढंच सांगितलंय?"

"कमी द्या म्हनले. म्या अजून कमी केलं. बरंच हाय ना?"

"रात्री झोपतात का?"

"कुठलं. रातभर ह्यो कोपरा त्यो कोपरा. अन् आता बघा."

मी जाऊन निवासी डॉक्टरांना आणलं. माझा आवाज लहान, दोनदा सांगावं लागलं. त्यांनी तपासलं, सलाईन लावलं, आणि तिला तिच्याच तांब्यावर बोट ठेवून दाखवलं की दिवसभरात एवढं तरी गेलंच पाहिजे. तिसऱ्या खेपेला गेले तेव्हा तो माणूस उशीला टेकून बसला होता आणि कंपनीतल्या कुणाला तरी फोनवर शिव्या देत होता. ती मला बघून म्हणाली, "आली का उंदीरवाली. बसा." मी बसले, मॅडम, खाटेच्या कडेला. आता वॉर्डात मला त्याच नावाने ओळखतात. रोज जाते. हात पुढे करायला सांगते. मोटार थांबवता तसा, असंच म्हणते. दुसरं वाक्य मला येत नाही.

वॉर्डाबद्दल तुमचं बरोबर होतं. पण प्रस्तावाबद्दल मी अजून तुमच्याशी भांडतेय. वॉर्डात कुणाला ताप असतो, कुणाचं पोट साफ नसतं, कुणी झोपेची गोळी घेतलेली असते, आणि पाणीही कमी असतं. तो बसता झाला तो पाण्याने की सलाईनमधल्या औषधाने, मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ते फक्त पिंजऱ्यातच वेगळं करता येईल, आणि ते कळलं तर अशा किती बायकांची भीती जाईल. हा माझा मुद्दा. दीड वर्ष शोधत होते तो. तुम्ही यावर काय म्हणाला असतात, मला खरंच माहीत नाही. म्हैस तर तिथेच उभी आहे.

म्हणून मी प्रस्तावाला एक पान जोडलंय, सगळ्यात पुढे. त्यावर तुमची हरकत लिहिलीय, तुमच्या नावाने, तुमच्या शब्दांत, भाषा न सुधारता. सर म्हणाले, स्वतःच्या प्रस्तावाविरुद्ध पहिलं पान कोण लिहितं? मी त्यांना म्हणाले, आमच्या मॅडमकडे अशीच पद्धत होती. तशी पद्धत नव्हती, पण ते वाक्य मी न अडखळता बोलले.

उंदीर अजून मागवलेले नाहीत. त्या पानाला मला उत्तर देता आलं तर मागवीन, आणि तुमच्याविरुद्ध जाऊन काम करीन. नाही देता आलं, तर परवानगी परत करीन आणि कारण विचारलं तर तेच पान पुढे करीन.

तुमची,
सायली